डोळ्यांचे थेंब, पायांची नखं

बेळ्ळंदूर, बंगळूर
मंगळवार

सौ. हेमलता हिस,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि अंजली शेजारी उभी राहून माझं बोलणं तुला ओरडून सांगते, म्हणून हे पत्र. सगळंच लेकीच्या तोंडून कळवायचं नसतं.

मी ठणठणीत आहे. सिद्धीची शाळेची बस साडेतीनला येते, मी अडीचलाच खाली उतरतो. वॉचमन ‘कुत्कोळ्ळी, अज्जा’ म्हणत खुर्ची पुढे करतो, पण मला बसवत नाही.

काचबिंदूचे थेंब माझे मीच घालतो. अर्धे गालावर जातात. सूनबाई चांगली आहे, पण तिच्यासमोर डोळे ताणून आडवं पडायला संकोच वाटतो. काळजी करू नकोस, पुढच्या महिन्यात तपासणी आहेच.

बाळ कसं आहे? दुपारी तुला पाठ टेकायला मिळते का? देवव्रत आणि अंजलीने आपल्याला एकेका नातवंडापाशी वाटून घेतलं, तेव्हा आपणच कौतुकाने हो म्हणालो. आता राग काढू कुणावर?

विचारायचं होतं ते वेगळंच. गुडघे धरल्यापासून तुला पायापर्यंत वाकता येत नाही. नखं कोण कापतं? अंजलीला तू सांगितलं नसणार, मला माहीत आहे.

काल तुझं नेलकटर माझ्या दाढीच्या डब्यात निघालं. दुसरं आणू नकोस. देवव्रतला तिकीट काढायला सांगितलंय. त्याने टाळलं तर मी स्टेशनवर जाऊन रांगेत उभा राहीन.

तोवर पाय सांभाळ.

तुझाच,
वासुदेव