आबांच्या आवाजातली वाट

इंदूर, ४ डिसेंबर १९९१

तीर्थरूप आबांना रुपचंदचा इंदूरहून वाकून नमस्कार.

मी रविवारीच सुखरूप पोचलो. उद्या नोकरीवर रुजू होतो. तुमची तीस वर्षांची मोटरसायकल सेंधव्याच्या घाटात एकदाच रुसली. प्लग पुसला, लगेच निघाली.

मी नकाशा घेणार होतो, तुम्ही हट्टाने सगळी वाट कॅसेटमध्ये बोलून दिलीत. बरंच झालं. प्रत्येक फाट्यावर थांबून टेप लावायचो आणि तुम्ही सांगाल तसा वळायचो. फक्त सोनगीरच्या फाट्यावरची तुमची चिंच आता तोडलीय. ती शोधत मी दोंडाईचाच्या रस्त्याला लागलो होतो. आईला सांगू नका.

टेपमध्ये तुमचा खोकला फार ऐकू येतो. डॉक्टरांकडे गेलात का?

आणि इंदूर आल्यावर "आते इंदूर उनं" म्हणून तुम्ही टेप बंद करायला विसरलात. पुढे आई विचारते, "गाडी दी टाकी, आते तुमले करमी का?"

तुम्ही म्हणता, "गाडीनं जाऊ दे. पोऱ्याबिगर करमाव नही."

एवढंच मी रोज ऐकतो.

परतीची वाट तुम्ही टेपवर सांगितली नाहीत. ती मला पाठ आहे, आबा.

आईच्या पाया पडतो.

तुमचा,
रुपचंद