झोप चोरणाऱ्या म्हातारीचा शेवट

माय, ऐक, तुझ्या लेकीनं टीव्हीला हरवलंय. अक्षरं ना तुला आली ना मला, म्हणून हे सांगायला नातीला समोर बसवलंय. मी घरची बोली बोलते, ती शाळेतल्या मराठीत उतरवते आणि वर मलाच दटावते, "आजी, हळू!" तिला म्हटलं, एवढ्या वेळात माझी माय एक राक्षस मारून चार भाकरी थापून मोकळी व्हायची.

आम्ही आता सुरतेत, बमरोलीला. मुलगा लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, कामाला आहे, एका ओळीत खोल्या आहेत, आणि भिंतीपलीकडचा खडखडाट थांबला की उलट दचकायला होतं. लग्नात तू दिलेली भांडी केव्हाच मोडीत गेली, गोष्टी तेवढ्या राहिल्या. त्या मी मुलाला सांगितल्या, मग नातीला. पण शेजारच्या गुजराती मासीकडे रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आला आणि नातीनं गोष्ट मागणंच सोडलं. एकदा मी आपणहून सुरुवात केली, तर म्हणाली, "आजी, तुझ्या गोष्टीत काही हलत नाही." हलत नाही! मी हसले खरी, पण पुन्हा सुरुवात केली नाही. मुलाला लूममधून सवड नाही, नातीला ऐकायचं नाही. तुझ्या गोष्टी माझ्याबरोबरच जाणार, असं मनात पक्कं बसलं.

मग सुट्टीत एका रविवारी मासीनं भाड्याची कॅसेट आणली. चित्रांचा सिनेमा, बोलणं हिंदीत. सगळी ओळ जमली. हरवायचं तर आधी शत्रूला नीट बघावं, म्हणून मीही पाट घेऊन बसले. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवात अशी होती की मी पदर तोंडात धरून राहिले. डोंगरावरची एक म्हातारी राजकन्येच्या उशाशी येते आणि तिच्या डोळ्यांतून झोप बाहेर ओढते, बारीक चकाकता धागा निघावा तशी, आणि बॉबिनवर, मागाच्या रिळावर, गुंडाळत जाते. कोणी बोलत नाही, गाणं नाही, नुसता बॉबिन फिरल्याचा आवाज. तू असतीस तर "तिची झोप उडाली" म्हणून पुढे गेली असतीस. मुलगा रात्रपाळी करून आलेला, तो दारातच थबकला आणि म्हणाला, "माझीपण हिनंच नेली वाटतं."

पण पुढे त्यांचा धागा तुटायला लागला. राजकन्या इकडची काडी तिकडे करत नाही. विहिरीवर राजपुत्र दिसला, एक गाणं झालं, की हिनं जीव ओवाळून टाकला. तुझ्या गोष्टीत नवरा मुलगा आधी सासरच्या गोठ्यातलं शेण तरी काढायचा. बाप लेकीसाठी रडायला लागतो, तर मध्येच एक जाडा कावळा टपकतो आणि विनोद करतो. अरे, रडू द्या की त्याला! आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे ती म्हातारी झोप का चोरते, हे कोणी विचारतच नाही. नाक वाकडं काढलं, झाली ती वाईट. मी हे मोठ्यानं बोलले, तर मासी म्हणाली (इथे सगळी ओळ मला बा म्हणते), "बा, कार्टून छे! एमां शुं पूछवानुं?"

मला आपला चुलीजवळचा तो दिवस आठवला. मी धाकट्या भावाला गोष्ट सांगतेय, चेटकिणीला विहिरीत ढकललंय आणि खूश होऊन टाळ्या वाजवतेय. तू पिठाच्या हातानं मागे वळतेस. "पहिले तिले भाकर दिधी का?" मी म्हणते, चेटकीण आहे ती. तू म्हणतेस, "चेटकीणले भूक लागस ना? भुकेल्याले मारीसन गोष्ट सरत नही." आणि मला तिला विहिरीतून बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतेस.

तर इकडे राजपुत्र डोंगर चढला, म्हातारीसमोर उभा राहिला, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. एकदम बँड वाजायला लागला. घोडीवर साफा बांधलेला एक नवरदेव, पुढे बाया गरबा नाचतायत. मी म्हटलं, "राजपुत्र एवढ्यात जाडा झाला की गं!" कोणीतरी त्या कॅसेटवर आपल्या घरचा वरघोडा, म्हणजे लग्नाची वरात, उतरवून घेतला होता. मासी व्हिडिओला थपडा मारतेय, पोरं ओरडतायत. समोरच्या खोलीतल्या ओडिया कामगाराची चिमुरडी रडायलाच लागली, "रानी सोई कि नहीं?" तेव्हा माझी नात टीव्हीकडे पाठ करून माझ्याकडे वळली.

"आजी, पुढे काय झालं असेल?"

"माझ्या गोष्टीत काही हलणार नाही हं."

"सांग ना वं!"

मग मी सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या हिंदीत. राजपुत्राला घोडा धरून खाली उभा केला. राजकन्या स्वतः वर गेली. बघते तर बॉबिनांचा ढीग, आणि म्हातारीचे डोळे तिच्यासारखेच लाल. "एवढी झोप चोरलीस, मग तू का जागी?" म्हातारी म्हणाली, "लेक नदीपार गेला तेव्हापासून दाराकडे कान लावून बसलेय. दुसऱ्याची झोप माझ्या डोळ्यांना बसत नाही." राजकन्येनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत राहिली. म्हातारी झोपली, मूठ सैल झाली, बॉबिनं घरंगळली आणि डोंगरभर धागा उलगडत ज्याची झोप त्याच्या घरी गेली. राजकन्येनं म्हातारीला पाठुंगळी घेतलं आणि राजवाड्यात आणून आपल्या शेजारी अंथरूण घालून दिलं. माय, पोरं हुंकार देत होती! मराठी, गुजराती, ओडिया, पण "हूं" मात्र एकच.

मासीला पैसे वाया गेल्याचा राग. पुढच्या रविवारी ती दुकानदाराशी भांडून चांगली कॅसेट घेऊन आली. नात सगळ्यांना सांगत सुटलेली, आजीचाच शेवट खरा निघणार. पोर तोंडघशी पडली, तर पुन्हा माझ्याजवळ कशाला बसेल? आणि निघालं भलतंच. राजपुत्रानं म्हातारीला कड्यावरून ढकललं, बॉबिनं जळाली, सगळे नाचले, कावळ्याचंही लग्न लागलं.

मी मान खाली घातली. मग ती चिमुरडी म्हणाली, "लेकिन बुढ़िया तो सोई ही नहीं." दुसरा पोरगा म्हणाला, "ये गलत है. बा वाला सही था." आणि माझी नात, हलणाऱ्या चित्रांची भक्त, ताडकन उभी राहिली, "मासी, बंध करो ने! आजीनो अंत साचो छे!" मासीनं टीव्ही बंद केला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बा, फरीथी कहो." मी पदर सारखा केला, थोडा भाव खाल्ला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आता पोरं कुठूनकुठून सिनेमे बघून येतात आणि बिघडलेले शेवट माझ्याकडे दुरुस्तीला टाकतात. काल नात चिमुरडीला म्हातारीची गोष्ट सांगत होती. मी भिंतीआडून हुंकार दिला, तर म्हणाली, "आजी, मध्ये बोलू नको."

आता ही विचारतेय, देवाघरी गेलेल्या पणजीचा पत्ता काय घालू. काही घालू नको म्हटलं. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. तुझ्या गोष्टीतली प्रत्येक म्हातारी शेवटी एकटीच रानात परत जायची. मी तिला घरात ठेवून घेतली. तू समोर असतीस तर बोलायची छाती झाली नसती, पण माय, शेवट माझा तुझ्याहून बरा आहे.