फलाटावरची थोटकं

अकोला, संक्रांतीची कर

तीर्थरूप मायले शेषरावचा दंडवत.

मी बरा आहो, जेवण टायमावर होते. काल सणाले आलो नाही म्हणून तू वाट पाह्यली असशील.

मागच्या हप्त्यात आमच्या जिनिंगमधी आग लागली. कोणीतरी बिडीचं जळतं थोटूक कापसाच्या गंजीपाशी फेकलं. हरिहर आत होता. आपल्या घरी हुरडा खायले आलता, तोच. तो गेला. त्याच्या बायकोले मीच सांगतलं. मले रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

काल मी निघालो होतो. मूर्तिजापुरले गाडी बदलाले उतरलो, त फलाटभर बिड्या-सिगरेटीची थोटकं. एक पायानं चिरडलं, मंग दुसरं, मंग पुढचं. सारी विझलेलीच होती, मले दिसत होतं. मान वर केली तवा दर्यापूरची गाडी निघून गेली होती. मी अकोल्याले वापस आलो.

तुये गुडघे कसे हायेत? औंदाही कापूस माजघरातच भरला काय? बाबा त्याच्यावरच निजत असतीन. त्यायची बिडी विझलेली दिसली, तरी हात लावून पाह्यत जाय. मंगच निज.

तुहा,
शेषराव