आईचे गल्ले आणि किल्लीवाले

प्रिय ताई,

आई कशी आहे म्हणून तू विचारलंस आणि मी 'बरी आहे' म्हणून विषय बदलला. बरी कसली, एकदम जोरात आहे. माझीच धडगत नाही.

तिच्या पैसे साठवायच्या जुन्या गल्ल्यांनी आता स्वयंपाकघरही काबीज केलंय. पत्र्याचे, बिडाचे, मातीचे. एक अस्वल आहे, त्याच्या पंजावर नाणं ठेवून कान पिळला की ते नाणं गिळतं. डाळीचे डबे जमिनीवर आणि अस्वल फळीवर, अशी आमच्या घराची तऱ्हा. परवा तर कहर झाला. मी हॉस्पिटलात ड्यूटीवर निघाले तर हातात पिशवी दिली. आत घंटाघराच्या आकाराचा पत्र्याचा गल्ला. म्हणे, एवढा एक्स-रे काढून आण, आत स्प्रिंग कुठे अडकलीये ते कळेल. बाहेर हात-पाय मोडलेली माणसं ताटकळत बसलेली आणि मी घंटाघराचा फोटो काढायचा! नाही काढला. मग घरात अबोला.

तुला आठवतं ना, बँकेच्या खिडकीत तिच्याकडे शाळेतली पोरं असेच गल्ले घेऊन यायची. गल्ला पोराकडे, किल्ली बँकेकडे, असा तो कारभार. ती सांगते, एकाच्या गल्ल्यातून नुसती बटणं निघाली होती, एकीच्या गल्ल्यातून दुधाचा दात. तिने तो कागदात बांधून परत दिला. त्या काळी घरात पोराच्या मालकीची, मोठ्यांनी हात लावायचा नाही अशी तेवढीच एक वस्तू असायची, असं तिचं म्हणणं. पुढे बँकेने ती पद्धत बंद केली, किल्ल्या भंगारात घातल्या. तो राग तिच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. जुन्या बाजारात कुलूपबंद गल्ला दिसला की ही उचलून आणते.

आणि गल्ला आला की मागोमाग ते किल्लीवाले गृहस्थ येतात. कोपऱ्यावरच्या किल्ल्यांच्या दुकानातले, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारे. आधी गल्ला उघडायला यायचे. मग उघडलेला नीट बंद होतो का ते बघायला. हल्ली निमित्तही लागत नाही. ते आणि आई, दोघं टेबलावर वर्तमानपत्र पसरून कानस घासत बसतात. मी दमून यावं तर बसायला खुर्ची नाही आणि माझ्या कपात स्क्रू. बोलत फारसं काही नाहीत, तेच जास्त खटकतं. बाबांशी तरी ती भांडायची. त्या दिवशी घंटाघर चालू झालं, टण् करून टोला पडला, आणि आई अशी हसली की मी दारातच थांबले. बाबा गेल्यापासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. तरी आत जाऊन दार आपटलंच. कशाचा राग आला ते विचारू नकोस, मलाच धड सांगता येत नाही.

काल आई माझ्या खोलीत आली, माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या विनाकारण पुन्हा घड्या घालायला लागली आणि म्हणाली, "आम्ही नोंदणी करून लग्न करतोय. विचारत नाहीये, सांगतेय." मला वाटलं, झालं, एवढंच. पण तुझं नाव निघालं तशी तिने नुकतीच घातलेली घडी मोडली. "तिला तू सांग. ती बाबांची लाडकी. तिने फोन आपटला तर मला पुन्हा करवणार नाही." म्हणजे या घरातली नको ती कामं नेहमीसारखी माझ्याच गळ्यात! फोनवर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस, म्हणून हे पत्र. चीड, रड, हवं तर मला चार शिव्या घाल, पण त्यानंतर तिला फोन कर. माझं अजून लिहून संपलेलं नाही, पत्र पेटीतही पडलेलं नाही, आणि ही बाई आत्तापासून फोनजवळची खुर्ची सोडायला तयार नाही.

तुझीच,
जेरीला आलेली धाकटी