लॅम्प्रेची लाळ आणि रहीमचाचा

मंगळवार, १२ मार्च. मुकुंदवाडी.

लॅम्प्रे मासा दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पितो. त्याच्या लाळेतल्या प्रथिनांमुळं ते रक्त गोठत नाही. त्याच प्रथिनांवर माझी पीएचडी. परदेशातून मिनतवारीनं मागवलेली लाळेची एकुलती नळी काल मी फ्रीजरबाहेर विसरलो. लाळ वाया गेली.

सकाळी माझे मार्गदर्शक सर आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई रहीमचाचांवर घसरले. "फ्रीजर पुसताना तुम्हीच काढली असणार."

"साहेब, मी हात लावला नाय," चाचा म्हणाले. बस, एवढंच. आणि मी? नळीवरचं माझंच अक्षर वाचत गप्प उभा राहिलो. का?

संध्याकाळी त्यांना जिन्यात गाठलं. "चाचा, नळी मी विसरलो होतो."

"मालूम है. तुमचं ओळखपत्र तिच्याशेजारीच पडलं होतं. साहेबांना दिसू नये म्हणून मी उचललं." त्यांनी ते खिशातून काढून माझ्या हातात दिलं.

तसाच वर जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "हे सकाळी बोलायचं होतं."

उद्या सगळ्यांसमोर चाचांची माफी मागणार आहे. पण आज दिवसभर ते खाली मान घालून वावरले, ते कसं भरून देऊ?