धुवायचे राहिलेले हातमोजे

सिस्टर, आज सांगलीच्या आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जे पाहिलं, ते तुम्ही पाहायला हवं होतंत. तासगावची एक बाई सिझेरियनसाठी आली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या गर्भाशयातल्या गाठी आम्हीच काढल्या होत्या, आणि पोट शिवायच्या आधी डॉक्टरांनी सिरिंजने आत एक जेल पसरलं होतं, साबुदाण्याच्या पेजेसारखं पारदर्शक. ते काही दिवस जखमेला आणि आतड्याला एकमेकांपासून लांब ठेवतं, मग अंगातच विरघळून जातं. आज बाळ बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, बघा." आतडं सुटं, ओलं, चकचकीत. कुठेही चिकटलेलं नाही. माणसाला हे सुचलं तरी कसं! सगळ्यांनाच असा गुण येत नाही, हेही ते म्हणाले, पण माझ्या अंगावर काटा आला होता आणि मास्कच्या आत मी चक्क रडत होते.

मला साताऱ्याचं आपलं थिएटर आठवलं. हातमोजे धुऊन, वाळवून, पावडर लावून, वाफेवर निर्जंतुक करून आपण पुन्हा वापरायचो. ते चढवले की आधी तसराळ्यातल्या मिठाच्या पाण्यात हात बुडवायचे, पावडर पुसून काढायची, मगच पेशंटला हात लावायचा. त्या तसराळ्यापाशी तुम्ही उभ्या असता. मी नवीन, घाईची. "आगं, पावडर तोंडाला लावायची आसती, आतड्याला न्हाई. आतडी चिकटत्यात त्यानं!" मोठ्या डॉक्टरांनाही सोडत नाही तुम्ही. "आवं डाक्टर, हात!" की ते मुकाट्याने हात बुडवतात.

एका शनिवारी पाटणकडच्या एका बाईचं ऑपरेशन होतं आणि माझी गावाकडची एसटी चुकत होती. मी हातमोजे चढवले आणि तशीच टेबलापाशी गेले. तुम्ही पलीकडून विचारलंत, "धुतलंस न्हवं?" मी म्हणाले, "व्हय, सिस्टर." तासभर त्याच हातांनी मी तिचं आतडं बाजूला धरून उभी होते.

काही महिन्यांनी ती पोट फुगून, उलट्या करत परत आली. आतड्याचे वेढे एकमेकांना चिकटले होते. ते सोडवता सोडवता डॉक्टर घामाघूम झाले. बाई वाचली, पण तुम्ही सुटला नाहीत. "माज्या टेबलावरचं पोट हाय ते. माजंच कायतरी चुकलं," असं मलाच सांगत होतात आणि मी ट्रे धरून खाली बघत होते. ती घरी जाईपर्यंत रोज ड्यूटी संपली की तुम्ही तिच्या खाटेशी जाऊन बसायचात. पुढे निवृत्तीच्या दिवशीही तिची आठवण काढलीत. स्वच्छ हातांनी केलेलं ऑपरेशनही चिकटू शकतं, हे मी नंतर शिकले आणि त्याच्याच आडोशाने इतकी वर्षं काढली. आज ते सुटं आतडं पाहिल्यावर तो आडोसा पुरेना. चूक तुमची नव्हती, सिस्टर. हात मी धुतले नव्हते.

रहिमतपूरला तुमचा मुलगा अजून त्याच घरी राहतो, पत्ता मला पाठ आहे. दरवर्षी तुमच्या पुण्यतिथीला त्याचा फोन येतो. "आई म्हणायची, माझ्या हाताखाली खरी तयार झाली ती तूच." हे पत्र मी त्याला पाठवणार नाही. पुढच्या वर्षीही ते वाक्य मला ऐकायचंय.