उंचीनुसार मिळालेला विषय

आदरणीय कोन्सी मावशी,

तुमचा हात कपाळाला लावून नमस्कार. सेबूच्या गोदीत तुमची पाठ आता कशी आहे? जहाजातल्या वायरी ओढताना फार वाकू नकोस असा आजीचा निरोप आहे (ती स्वतः दिवसभर वाकून अंगण झाडते). घरी सगळे ठीक आहेत. मी ठीक नाही.

नववीला कामधंद्याचा एक विषय निवडायचा असतो. मी अर्जावर 'विजेची जोडणी' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आमच्या वर्गशिक्षिका दालिसाय बाईंनी अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यावर कॉफीचा पेला ठेवला आणि आम्हाला झेंडावंदनाला उभं करतात तसं उभं केलं. बुटके पुढे, उंच मागे. पुढच्या पंधरांना नखांची निगा, मधल्या पंधरांना स्वयंपाक, मागच्यांना वीज. का, तर मीटर उंचावर असतो. मी म्हटलं, "बाई, त्यासाठी शिडी असते." बाई म्हणाल्या, "शिडी मुख्याध्यापकांच्या घरी आहे." विषय संपला. मावशी, रांगेत मी पहिली असते. शेवटच्या रॉडेलला टेस्टर मिळाला. तो घरातला दिवा लावायलासुद्धा बहिणीला हाक मारतो.

विषय बदलून मिळतो, पण महिनाअखेरपर्यंत आणि पालकाची सही असेल तरच. आई सही करत नाही. शनिवारी ती दारात बाक टाकते आणि बाजारातल्या बायकांना बसवते. मी नखं कापते, टाचा घासते, रंग लावते. सगळं फुकट (सराव म्हणून). भाजीवाल्या नेनिताबाई तर डावा पाय झाला की डुलकी काढतात. मी आईला म्हटलं, मला वीज शिकायची आहे. आई म्हणाली, "अगं चिमणे, मीटर किती घरांत आहेत ते मोज. पाय सगळ्या गावाला आहेत."

मग बाईंकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. तोवर त्यांचा हात नखं कापायला माझ्यापुढे पसरलेला होता. शेवटी मुख्याध्यापकांकडे गेले. अन्याय झाला असं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "तक्रार लेखी दे, बाळ. त्याआधी हा अंगठा बघ, नख आत घुसतंय." आणि बूट काढला. मी बघितला. मावशी, त्या नखाला आठवडाभर कुणी हात लावला नसावा, आणि आधी ज्याने लावला त्याला काही येत नव्हतं. मला अर्धा तास लागला. तक्रार द्यायची राहिली.

या देशात उंचीवरून माणसाचं काम ठरत असेल, तर तुम्ही माझ्याएवढ्याच असताना गोदीतल्या तुमच्या साहेबांनी तुम्हाला विजेच्या कामावर कसं घेतलं, हे मला कळवा. मी ते बाईंना वाचून दाखवीन.

तुमची संतापलेली भाची,
हेर्मिनिया

ता. क. शाळेच्या नोंदीत आईच्या खाली पालक म्हणून तुमचं नाव आहे. अर्ज सोबत आहे. सही करा. आईला सांगू नका.

ता. क. २. सही करा, पण तारीख घालू नका. वीस तारखेला जिल्ह्याची नखं रंगवण्याची स्पर्धा आहे आणि शाळेकडून मी जाते आहे. हरले तर एकवीस तारीख घालीन. जिंकले तर प्रांताची फेरी मुदत संपल्यावर आहे, आणि तोवर नखांचा विषय सोडता येणार नाही. म्हणून पुढच्या वर्षीचा अर्जही मागे टाचला आहे. त्यावरही करून ठेवा.